ऐकलं तेवढंच लिहा: शॉर्टवेव्हच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर निवडताना

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र सुरू झालं. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत ते चालवत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडला आणि केंद्र कायमचं बंद झालं. जेमतेम अडीच महिन्यांचं हे प्रसारण. तरी त्यावरून काय काय बोललं गेलं, हे आज अभ्यासकांना वाचता येतं. कारण सरकारी यंत्रणा ते ऐकत होती आणि ऐकलेलं लिहून काढत होती. केंद्र स्वतःचा पत्ता ४२.३४ मीटर असा सांगत असे. आजच्या हिशेबात सुमारे ७०८० किलोहर्ट्झ. टिपणं करणाऱ्यांचा हेतू केंद्र पकडण्याचा होता. पण ऐकता ऐकता लिहिलेल्या मजकुराचं मोल लिहिणाऱ्याच्या हेतूवर ठरत नाही. त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं का, एवढ्यावरच ते ठरतं.

शॉर्टवेव्ह ऐकणारा छंदी श्रोता हेच काम आनंदासाठी करतो. साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या लहरी आयनांबरावरून परत फिरून हजारो किलोमीटर जातात. त्यामुळे सांगलीतल्या गच्चीवर पाच-दहा मीटर तार ताणून रोमानियाचं किंवा व्हिएतनामचं केंद्र लागतं. लागलं की श्रोता लिहून ठेवतो: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, केंद्राचं नाव, भाषा, कार्यक्रमात काय होतं, आवाज कसा होता. आवाजासाठी सिन्पो नावाची पद्धत आहे. सिग्नलची ताकद, शेजारच्या केंद्राचा अडथळा, खरखर, लहरींचा चढउतार आणि एकूण दर्जा या पाच गोष्टींना १ ते ५ असे गुण द्यायचे. ५ म्हणजे उत्तम. ‘४५३४४’ एवढ्या पाच आकड्यांत जाणकाराला सारं समजतं. हाच तपशील केंद्राला कळवला तर तो रिसेप्शन रिपोर्ट होतो, आणि केंद्राकडून पोच म्हणून क्यूएसएल कार्ड येतं.

या नोंदींना आज पूर्वीपेक्षा जास्त किंमत आहे, कारण केंद्रं बंद होत चालली आहेत. रेडिओ नेदरलँड्सची इंग्रजी सेवा जून २०१२ मध्ये थांबली. रेडिओ ऑस्ट्रेलियानं जानेवारी २०१७ अखेर शॉर्टवेव्ह सोडली. आपल्याकडे घराघरात ऐकलं गेलेलं बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपलं. आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्रांची बरीचशी शॉर्टवेव्ह प्रक्षेपणंही थांबली आहेत. एखादं प्रसारण अमुक दिवशी, अमुक गावात, अमुक दर्जानं पोचत होतं, याचा पुरावा केंद्राच्या दप्तरात नसतो. तो श्रोत्यांच्या वह्यांत असतो.

वह्यांची जागा आता संगणकानं घेतली, आणि मग प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरचा. बाजारात आणि फुकटात इतकी सॉफ्टवेअर आहेत की नवा माणूस गोंधळतो, आणि सर्वांत जास्त बटणं असलेलं उचलतो. माझा निकष वेगळा आहे. तुमच्या कानांनी जे ऐकलं ते, आणि यादीतून जे उचललं ते, या दोन गोष्टी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या ठेवू देतं का? हे आधी पाहावं. बाकी सगळं नंतर. पंचनाम्यात जागेवर जे दिसलं तेवढंच लिहितात, सातबाऱ्यावर काय आहे ते त्यात उतरवत नाहीत. श्रवणाची नोंद ही त्याच जातीची आहे.

यादी म्हणजे काय ते सांगायला हवं. शॉर्टवेव्हची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. उन्हाळी हंगामाला ए आणि हिवाळी हंगामाला बी म्हणतात. ए२४ म्हणजे २०२४ चा उन्हाळा. जगभरचे प्रसारक एचएफसीसी या मंचावर एकत्र येऊन फ्रिक्वेन्सी वाटून घेतात, म्हणजे एकमेकांवर आवाज चढू नये. त्यांची यादी नियोजनाची असते. प्रत्यक्षात काय ऐकू येतं त्यावर आधारलेल्या याद्या छंदी माणसांनी केल्या आहेत. जर्मनीतल्या आइके बीअरविर्थ यांची ‘आयबी’ यादी त्यांत सर्वाधिक वापरली जाते. ती फुकट उतरवून घेता येते आणि साध्या मजकूर-फाइलीत असते. फ्रिक्वेन्सी, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, वार, देश, केंद्र, भाषा, कुठल्या प्रदेशासाठी आणि कुठल्या प्रक्षेपकावरून, एवढे रकाने तीत सापडतात.

अनेक सॉफ्टवेअर ही यादी पोटात घेतात. तुम्ही ९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एखादी फ्रिक्वेन्सी टाकली की त्या वेळी तिथे कोण असायला हवं ते पडद्यावर येतं. एक क्लिक केली की केंद्राचं नाव, भाषा, देश, प्रक्षेपकाचं ठिकाण आणि अंतर सगळं नोंदीत भरलं जातं. सोय मोठी आहे, आणि धोकाही तिथेच आहे. रात्री अकरा वाजता खरखरीतून कुठल्यातरी भाषेतले चार शब्द आणि थोडं तंतुवाद्य एवढंच कानावर आलं. यादी म्हणाली ‘अमुक केंद्र’. क्लिक झाली. महिन्याभरानं ती नोंद वाचणाऱ्याला वाटतं की या माणसानं केंद्राची उद्घोषणा स्वच्छ ऐकली होती. वास्तविक त्या फ्रिक्वेन्सीवर त्याच वेळी दुसरं केंद्र असू शकतं. प्रक्षेपक चुकून जुन्या फ्रिक्वेन्सीवर राहिलेला असू शकतो, किंवा एखादं केंद्र चाचणी घेत असू शकतं. याद्या चुकतात तेव्हाच श्रोत्याची नोंद सर्वांत मोलाची ठरते, आणि यादीवरून भरलेल्या नोंदीत नेमकी तीच गोष्ट पुसली जाते. अशा हजार नोंदी जमल्या तरी ती फक्त यादीची नक्कल.

म्हणून नोंदीत एक रकाना असायलाच हवा: ‘ओळख कशावरून’. त्यात चार पर्याय पुरतात. उद्घोषणा ऐकली, भाषा, संगीत किंवा ठरलेली सुरावट यांवरून ओळखलं, यादीवरून धरलं, ओळख पटली नाही. शॉर्टवेव्हच्या छंदात ‘प्रिझ्यूम्ड’, ‘टेंटेटिव्ह’, ‘अनआयडी’ हे शब्द जुने आहेत आणि जाणती मंडळी ते काटेकोरपणे वापरतात. पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी जागा नसते. काहींत तर केंद्राचं नाव रिकामं ठेवलं की नोंद जतनच होत नाही. असं सॉफ्टवेअर श्रोत्याला अंदाज ठोकायला भाग पाडतं. ते कितीही देखणं असलं तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी कसोटी वेळेची. शॉर्टवेव्हचं सारं जग यूटीसीवर चालतं आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. तोंडी हिशेबात घोळ होतो तो बहुधा अर्ध्या तासाचा, आणि त्याहून वाईट घोळ तारखेचा. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर १ वाजून १० मिनिटांनी तुम्ही केंद्र ऐकलं, तर यूटीसीत ती वेळ १४ ऑगस्ट, १९:४० अशी लिहायची. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळातली प्रत्येक नोंद आदल्या तारखेला जाते, आणि आपल्याकडचे बरेच श्रोते नेमक्या याच शांत वेळी ऐकत असतात. केंद्राला तारीख चुकीची कळवली तर त्यांच्या दप्तरात तो कार्यक्रम सापडत नाही आणि कार्ड येत नाही. सॉफ्टवेअरनं संगणकाच्या घड्याळावरून यूटीसी तारीख आणि वेळ दोन्ही आपोआप घालावी आणि शेजारी भारतीय वेळ नुसती दाखवावी. साठवायची वेळ मात्र एकच.

आता हॅम, म्हणजे परवाना घेऊन रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्या हौशी मंडळींची सॉफ्टवेअर पाहू, कारण शोधायला गेलं की आधी तीच समोर येतात. विंडोजवरचं लॉगफोरओएम फुकट आहे आणि भरपूर कामाचं आहे. लिनक्सवर सीक्यूआरलॉग आहे. ब्राउझरमध्ये चालणारं आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारं वेव्हलॉग आहे. ज्याच्याकडे हॅम परवाना आहे आणि जो दुतर्फा संभाषण करतो, त्यानं यांतलं एक निवडावं. पण नुसत्या श्रोत्याला ती अंगाला बसत नाहीत. कारण त्यांचा पायाच कॉलसाइनवर, म्हणजे परवान्याबरोबर मिळणाऱ्या ओळखचिन्हावर उभा आहे. व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारं कॉलसाइन दिसलं की सॉफ्टवेअर भारत हा देश भरतं, पुढचं सगळं त्यावरून काढतं. प्रसारण केंद्राला श्रोत्याच्या उपयोगाचं असं कॉलसाइन नसतं. शिवाय केंद्र एका देशाचं आणि प्रक्षेपक दुसऱ्या देशात, हे शॉर्टवेव्हवर नेहमीचं आहे. बीबीसीचा कार्यक्रम लंडनचा, पण आपल्या भागात येतो तो ओमानमधल्या अस्सीला इथल्या प्रक्षेपकावरून. लहरींचा अभ्यास करायचा तर ओमानपासूनचं अंतर लागतं, लंडनपासूनचं नव्हे. ‘केंद्र’ आणि ‘प्रक्षेपकाचं ठिकाण’ असे दोन वेगळे रकाने नसलेलं सॉफ्टवेअर प्रसारणाच्या नोंदींसाठी अपुरं आहे.

या मंडळींचा नोंदी देवाणघेवाणीचा एक ठरलेला साचा आहे, एडीआयएफ. त्याची सुरुवात १९९६ मध्ये झाली आणि हॅम जगात तो सर्वत्र चालतो. त्यात ‘ही नोंद श्रोत्याची आहे’ असं सांगणारा एक रकानाही आहे. पण तो हॅमचं संभाषण ऐकणाऱ्या श्रोत्यासाठी आहे. कार्यक्रम, भाषा, सिन्पो यांना त्या साच्यात स्वतःचं घर नाही. सगळं शेरा या एका रकान्यात कोंबावं लागतं. आणि मराठी श्रोत्यासाठी आणखी एक अडचण: या साच्याच्या नेहमीच्या फाइलीत फक्त इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बसतात. देवनागरीला जागा आहे ती त्याच्या दुसऱ्या, एक्सएमएल प्रकारात, आणि तो प्रकार सगळी सॉफ्टवेअर वाचत नाहीत.

देवनागरीचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. माणूस ऐकताना ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत त्याचं वर्णन बारीक उतरतं. ‘आवाज लाटेसारखा येत-जात होता, मध्येच शिट्टी, मागे चिनी बाई बोलत होती’ असा शेरा मराठी माणूस झटकन लिहितो. इंग्रजीत लिहायला बसला की ‘फेडिंग’ एवढ्यावर थांबतो. तेव्हा सॉफ्टवेअर युनिकोड नीट साठवतं का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये ज्यांनी फाइली केल्या, त्यांना हे दुःख ठाऊक आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खं लिखाण अर्थहीन इंग्रजी अक्षरांचा ढीग होऊन समोर येतं. श्रवणाच्या नोंदींची ती गत होऊ नये.

प्रसारण ऐकणाऱ्यांसाठी खास लिहिलेली सॉफ्टवेअरही आहेत, संख्येनं कमी. विंडोजवरचं डीएक्सट्रीम रिसेप्शन लॉग हे विकतचं सॉफ्टवेअर त्यांतलं एक. नोंद, रिसेप्शन रिपोर्ट, आवाजाचा तुकडा, क्यूएसएल कार्डाची प्रत या गोष्टी ते एका जागी ठेवतं. जो नियमितपणे केंद्रांना रिपोर्ट पाठवतो त्याचा खर्च वसूल होईल. सीएसव्ही यूजरलिस्ट ब्राउझर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आयबी, आओकी आणि एचएफसीसी या याद्या शेजारी शेजारी दाखवतं. तीन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत हे डोळ्यांनी दिसलं की कुठल्याही एका यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची सवय मोडते. माझ्या दृष्टीनं त्याचा हाच मोठा उपयोग.

‘रेडिओला जोडता येतं’ ही अशा सॉफ्टवेअरची आवडती जाहिरात. संगणकाला जोडलेल्या रेडिओवरून फ्रिक्वेन्सी आपोआप नोंदीत येते, हे खरं. पण आपल्याकडे बहुतेक श्रोते हातातला छोटा संच वापरतात. टेकसनचा पीएल-३३० चांगला संच आहे; त्याची यूएसबीची खाच मात्र बॅटरी भरण्यासाठी आहे, संगणकानं त्याची फ्रिक्वेन्सी वाचण्यासाठी नाही. ज्यांचा संच जोडताच येत नाही त्यांनी या सोयीसाठी पैसे मोजू नयेत.

एसडीआर वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी. एसडीआर म्हणजे ज्यात रेडिओचं बरंचसं काम संगणकातलं सॉफ्टवेअर करतं असा संच. आरटीएल-एसडीआरसारख्या छोट्या डोंगलमुळे तो आता आवाक्यात आला आहे. त्यावर एका केंद्राऐवजी लहरींचा अख्खा पट्टा मुद्रित करून ठेवता येतो आणि दुसऱ्या दिवशी सावकाश त्यात फिरता येतं. इथे आपोआप वेळ घालणारं सॉफ्टवेअर घात करतं. मंगळवारच्या पहाटेचं मुद्रण तुम्ही बुधवारी दुपारी ऐकत असता आणि सॉफ्टवेअर बुधवारची वेळ ठोकून देतं. त्या नोंदीवरून पाहणाऱ्याला वाटेल की दिवसाउजेडी ४९ मीटरवर युरोप लागला. दिवसा आयनांबराचा खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो, त्यामुळे हे अशक्यप्राय. पण नोंद तेच सांगत राहते. वेळ हातानं बदलता येते का, आणि ‘थेट ऐकलं की मुद्रणातून’ हे लिहिता येतं का, ते एसडीआरवाल्यांनी आधी तपासावं.

हीच गोष्ट दूरच्या संचाची. नेदरलँड्समधल्या एन्स्खडे इथल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २००८ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांना खुला झाला. किवीएसडीआरचे संच जगभर विखुरलेले आहेत. नाशिकमध्ये बसून तुम्ही एन्स्खडेचा अँटेना वापरता तेव्हा ऐकणारे कान नाशिकचे असले तरी लहर पोचलेली असते नेदरलँड्समध्ये. नोंदीत ‘संचाचं ठिकाण’ हा रकाना नसेल तर दोन्ही गोष्टी सरमिसळ होतात. रिसेप्शन रिपोर्ट पाठवताना हे लपवणं तर सरळ फसवणूक आहे.

मोड म्हणजे प्रसारणाची पद्धत. हा रकाना प्रसारणवाल्यांना निरर्थक वाटतो, कारण बहुतेक केंद्रं साध्या एएमवर असतात. पण ११३८७ किलोहर्ट्झवर मुंबई वोल्मेट ऐकून पाहा. वैमानिकांसाठी विमानतळांवरच्या हवामानाची माहिती इंग्रजीत वाचली जाते, ठरलेल्या मिनिटांना, आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर इतर शहरं आळीपाळीनं बोलतात. ते प्रसारण अप्पर साइडबँडवर असतं. एएमवर ठेवलं तर बदकासारखा अस्पष्ट आवाज येतो. आकाशवाणीनं डीआरएम ही डिजिटल पद्धतही वापरली आहे. तिच्यात केंद्राचं नाव पडद्यावरच उमटतं, म्हणून ‘ओळख कशावरून’ या रकान्याला तिथे पाचवा पर्याय लागतो.

एफटी८ ऐकणाऱ्यांना वेगळ्या लॉगची गरजच फारशी नाही. २०१७ मध्ये आलेल्या या डिजिटल पद्धतीत डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर उलगडलेली प्रत्येक ओळ वेळेसकट एका मजकूर-फाइलीत आपणहून लिहीत जातं. २० मीटरवर १४०७४ किलोहर्ट्झ लावून झोपलात तरी सकाळी फाइल भरलेली असते. उपयुक्त आहे. मात्र ती यंत्राची नोंद आहे. ती आपल्या श्रवणाच्या नोंदींत मिसळू नये, वेगळी ठेवावी.

मग साध्या माणसानं काय वापरावं? माझं उत्तर बऱ्याच जणांना फार साधं वाटेल: लिबरऑफिस कॅल्क किंवा एक्सेलमधला एक तक्ता. वर्षाला काही शे नोंदी करणाऱ्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही. रकाने तुमच्या मनासारखे, देवनागरीला आडकाठी नाही, अनोळखी केंद्राची नोंदही मुकाट घेतली जाते. फक्त पहिल्याच दिवशी दोन-तीन गोष्टी करून ठेवायला हव्यात, कारण तक्त्याला तुमचे आकडे आपल्या समजुतीनं बदलायची खोड असते. वेळ ‘००३०’ अशी टाकली की पुढची शून्यं गळतात आणि नुसते ‘३०’ उरतात. अडीचशे नोंदी झाल्यावर हे लक्षात आलं तर दुरुस्त करणं जिकिरीचं होतं. म्हणून वेळेचा रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा. तारीख ‘०३-०४-२०२४’ अशी लिहिली तर आपण ३ एप्रिल समजतो, अमेरिकी पद्धतीवर लावलेला संगणक ४ मार्च समजतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमानं ‘२०२४-०४-०३’ लिहिली की संशयाला जागा उरत नाही, आणि तारखा क्रमानं लावतानाही त्या आपोआप नीट लागतात. फ्रिक्वेन्सी नेहमी किलोहर्ट्झमध्ये लिहावी आणि दशांश चालू ठेवावा, कारण काही प्रक्षेपक ठरल्या जागेपासून थोडे सरकलेले असतात आणि तेवढ्या फरकावरूनच ते ओळखू येतात.

अंधारात, कानाला हेडफोन लावून, एका हातानं संच धरून नोंद करायची असते हे विसरू नये. ज्या पडद्यावर एका नोंदीसाठी वीस चौकटी भराव्या लागतात तो पडदा आठवड्याभरात नकोसा होतो. ऐकताना भरायचे रकाने पाच पुरेत: फ्रिक्वेन्सी, भाषा, काय ऐकलं, सिन्पो, ओळख कशावरून. वेळ आपोआप यावी. बाकीचं सकाळी चहा पिताना भरता येतं. मोबाइलवर गूगल फॉर्म करून त्यातून नोंदी तक्त्यात पाठवणारेही आहेत. त्यांनी तक्त्याच्या सेटिंगमध्ये टाइमझोन जीएमटी करून घ्यावा, म्हणजे वेळ यूटीसीत पडेल.

काय लिहायचं नाही, हेही ठरवलं पाहिजे. काही सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीबरोबर सौर डागांची संख्या, सौर फ्लक्स आणि चुंबकीय वादळाचा निर्देशांक मागतात. या गोष्टींचा शॉर्टवेव्हवर फार मोठा परिणाम होतो. सौर चक्र साधारण अकरा वर्षांचं. डिसेंबर २०१९ च्या आसपास त्याचा तळ होता तेव्हा १३ मीटरचा पट्टा बहुतेक वेळ निर्जीव असे, आणि पुढे सूर्य जागा झाला तसे वरचे पट्टे उघडले. पण हे आकडे वेधशाळा दररोज जपून ठेवतात. तुमच्या नोंदीची तारीख आणि वेळ बरोबर असेल तर दहा वर्षांनीही ते जोडता येतात. त्याउलट त्या रात्री तुमच्या इमारतीत खरखर किती होती, हे जगात दुसऱ्या कुणाकडेही लिहिलेलं नाही. शहरातली एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांची खरखर शॉर्टवेव्हला गिळून टाकते. महाराष्ट्रातल्या अनेक श्रोत्यांना अनुभव आहे की लाइट गेली की पट्टा एकदम स्वच्छ होतो आणि एरवी न लागणारी केंद्रं बोलू लागतात. ‘लाइट गेली होती, संच बॅटरीवर’ हा शेरा म्हणून अमोल आहे. तो नसेल तर त्या रात्रीची चांगली नोंद आयनांबराच्या खात्यावर जमा होते, आणि ती कमाई खरी महावितरणच्या खंडित पुरवठ्याची असते.

ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत त्यांना एक विनंती आहे. त्या संगणकात घेताना दुरुस्त करू नका. ‘३१ मीटर, रात्री पावणेनऊ’ एवढंच लिहिलं असेल तर तेवढंच घ्या. आजच्या यादीवरून फ्रिक्वेन्सी शोधून भरू नका. जुनं नावही बदलू नका. ज्या केंद्राला आपल्या आधीची पिढी रेडिओ सिलोन म्हणून ऐकत होती ते १९७२ पासून श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन आहे. रेडिओ पेकिंगचं रेडिओ बीजिंग आणि मग चायना रेडिओ इंटरनॅशनल झालं. नोंदीच्या दिवशी कानावर जे नाव आलं तेच नाव त्या नोंदीचं. हवं तर शेजारी ‘आजचं नाव’ असा वेगळा रकाना करा. ४८४० किलोहर्ट्झवरच्या आकाशवाणी मुंबईची एखादी नोंद तुमच्या वडिलांच्या किंवा काकांच्या हस्ताक्षरात असेल तर त्या पानाचा फोटोही नोंदीला जोडा, आणि वही रद्दीत जाऊ देऊ नका.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस थकतो, कंपनी बंद पडते, विंडोजची नवी आवृत्ती येते. नोंदी मात्र पन्नास वर्षं टिकायला हव्यात. म्हणून फाइल अशी हवी की ते सॉफ्टवेअर नसलं तरी उघडेल. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही फाइल कुठल्याही संगणकावर साध्या नोटपॅडमध्ये वाचता येते. एसक्यूलाइट हा साचाही भरवशाचा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं माहितीसाठा दीर्घकाळ जपण्यासाठी शिफारस केलेल्या साच्यांत त्याचं नाव आहे, आणि लॉगफोरओएम तोच वापरू शकतं. फक्त स्वतःच्याच गुप्त साच्यात नोंदी कोंडून ठेवणारं, किंवा पैसे भरल्याशिवाय त्या बाहेर काढू न देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी महाग आहे. फोनवरच्या अॅपबद्दल तर विशेष सावध राहावं. अॅप स्टोअरमधून नाहीसं झालं की त्याच्यासोबत नोंदीही जाऊ शकतात.

निवड करण्याआधी प्रत्येक सॉफ्टवेअरची एक परीक्षा घ्या. मुद्दाम अवघड नोंदी टाका: मध्यरात्रीनंतर ऐकलेली एक, दशांशातल्या फ्रिक्वेन्सीची एक, एका देशाचं केंद्र दुसऱ्या देशातल्या प्रक्षेपकावरून आलं अशी एक, वोल्मेटची एक, पूर्ण मराठी शेरा असलेली एक, आणि ओळख न पटलेल्या केंद्राची एक. मग त्या सीएसव्हीत बाहेर काढा आणि नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तारीख आदल्या दिवसाची आली का, शून्यं जागेवर आहेत का, दशांश टिकला का, मराठी मराठीच राहिलं का, अनोळखी केंद्र अनोळखीच राहिलं का, हे ओळीनं तपासा. विंडोजवर दिसायला सुंदर असलेली काही सॉफ्टवेअर इथे नापास होतात आणि साधा तक्ता पास होतो. ज्यातून तुमच्या नोंदी जशाच्या तशा बाहेर येत नाहीत, ते सॉफ्टवेअर घेऊ नका.